पित्त हाय त्यांना

चैत्राचं ऊन डोक्यावर आलं होतं आणि केंदूरच्या रानात कांद्याची काटणी चालली होती. शेवंताबाईंचा विळा पुन्हा पातीऐवजी बोटाला लागला. उजवा डोळा गेल्यापासून त्यांना हाताजवळचं अंतर नीट कळत नव्हतं.

"बांधावर बस जा," त्यांचे यजमान शंकरराव म्हणाले. "काम कमी आन् रगातच जास्त."

शेवंताबाईंनी बोट पदरात गुंडाळलं. डोळा कसा गेला ते साऱ्या आळीला ठाऊक होतं. गेल्या वर्षी डोळ्यात कळा यायच्या, उलट्या व्हायच्या, दिव्याभोवती रंगीत कडी दिसायची. पण दवाखान्यात पुरुषानं सांगायचं आणि बाईनं खाली बघायचं, ही त्या घरची रीत. "पित्त हाय तिला," शंकररावांनी सांगितलं. डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या लिहिल्या. "डोळा..." एवढं शेवंताबाई म्हणाल्या, तर शंकरराव डाफरले, "डाक्टरला शिकवू नगं." पुण्यात डोळ्याचा दाब मोजला, तोवर त्यातली नजर गेली होती.

दुपारी शंकरराव वाफ्यातच खाली बसले. तोंड राखेसारखं, सदरा घामानं चिंब. शेजारच्या सिद्दीकनं जीप काढली.

"छातीखाली आवळतंय," शंकरराव वाटेत म्हणाले. "जबडा ठणकतोय."

दवाखाना तोच, डॉक्टर तेच. या वेळी डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर शेवंताबाई बसल्या.

"काय होतंय?"

"पित्त हाय त्यांना. काल लई तिखाट खाल्लं."

"पित्त न्हाई, जबडा..."

"गप बसा. डाक्टरला शिकवू नगा."

बाहेर बाक भरलेला होता. डॉक्टरांनी मान हलवून लिहायला घेतलं.

"चाची, जबड्याचं सांगा की," सिद्दीक दारातून म्हणाला.

शेवंताबाईंनी मान वळवली. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. शंकरराव इतके भेदरलेले त्यांनी कधी पाहिले नव्हते, आणि वर्षभर त्यांना हेच बघायचं होतं. डॉक्टरांनी पुढं केलेला कागद त्यांनी घेतला, सावकाश घडी घातली, तरी त्या उठल्या नाहीत.

"डाक्टर, पित्त नसंल तर दुसरं काय आसंल?"

"म्हणजे?"

"मी पित्त म्हनले, तुम्ही पित्त लिवलं. ह्यांनी म्हनलं तवाबी तेच लिवलं. त्यात माझा डोळा गेला. आता ह्यांना इचारा, आन् त्यांचं पुरं होईस्तवर तुम्ही बोलू नगा."

डॉक्टरांनी त्या डोळ्याकडे पाहिलं. मग पेन ठेवून ते उठले आणि शंकररावांजवळ बसले. शंकरराव अडखळत, दम घेत बोलले. डॉक्टर मधे बोलले नाहीत. हृदयाचा आलेख काढला. तो बघताच त्यांनी एक गोळी चघळायला दिली आणि ॲम्ब्युलन्स बोलावली.

पुण्याच्या वाटेवर शंकररावांनी हात पुढं केला. "वाचवलंस मला."

शेवंताबाईंनी हात धरला नाही.

"वाचवाया न्हाई बोलले. मेला आसता तर सुटला आसता तुम्ही. आता घरी यायचं आन् रोज ह्या डोळ्याम्होरं बसून चहा प्यायचा."

शंकररावांनी तोंड पलीकडे फिरवलं. शेवंताबाई उठल्या, आधाराला दांडी धरली आणि त्यांचं तोंड होतं त्या बाजूला, अगदी समोर जाऊन बसल्या.