व्याही मोटर बसवतात

फिटरची मुलगी वायरमनच्या मुलाला द्यायचं ठरलं आणि बर्फाच्या कारखान्यातल्या कामाची पार वाट लागली.

त्याआधी या दोघा बापांनी जन्मभर एकत्र मोटरी बसवल्या होत्या, त्या एकमेकांना शिव्या घालत. फिटरने "अरे बैला, डावीकडे!" म्हणून ओरडायचं, वायरमनने "तुझं डावं की माणसांचं डावं?" असं विचारायचं, की मोटर जागेवर बसलीच. पण सोयरीक ठरली त्याच संध्याकाळी फिटरच्या बायकोने त्याला बजावलं, "आता ते आपले व्याही. तुमच्या जिभेला हाड नाही. एक वाकडा शब्द गेला आणि पोरीचं मोडलं, तर मला तोंड दाखवू नका." पोर म्हणजे फिटरचा जीव की प्राण. त्याने जिभेला लगाम घातला.

त्यातच बर्फाच्या साच्यांभोवती मिठाचं गार पाणी फिरवणाऱ्या पंपाची मोटर जळली. नवी आली खरी, पण तोवर साच्यांतला बर्फ पाझरायला लागला होता. मालक सारखा येऊन नुसता सुस्कारा टाकून जात होता.

"व्याहीबुवा, जरा पहार धरता का? त्रास नसेल तर," फिटर म्हणाला.

"छे, छे! आपण सांगावं आणि आम्ही धरावी."

मोटर लोखंडी बैठकीवर उतरली. तिच्या चारही पायांखाली पितळेचे पातळ पत्रे, म्हणजे शिमा, सारायचं काम वायरमनचं. त्याने तीन पायांखाली सारल्या, चौथा विसरला आणि बोल्ट आवळून मोकळा झाला. फिटरने ते धडधडीत पाहिलं. पाय अधांतरी आणि बोल्ट त्याला खाली खेचतोय, म्हणजे मोटर मुरगळलेल्या अंगाने फिरणार! शब्द अगदी ओठांवर आले.

"शिमा... सुबक कापल्यात हो," तो म्हणाला.

मोटरचा आणि पंपाचा दांडा एका रेषेत आहे का, ते बघायला फिटरने डायल लावला. वायरमनने दांडा हाताने फिरवला. सुई मनाला येईल तिकडे भटकायला लागली. वायरमनने तिच्याकडे पाहिलं, डायलच्या स्टँडकडे पाहिलं आणि नुसता घसा खाकरला.

"किती फरक धरायचा?" फिटरने विचारलं.

"आपल्याला किती वाटतं?"

"आपण म्हणाल ते."

"मग बरोबरच असेल."

बटण दाबलं. मोटर आधी कण्हली, मग अशी थडथडली की बैठकीवरचा पाना नाचत नाचत खाली पडला. मालक धावत आला, मागोमाग बर्फ फोडणारे दोघे. वायरमनने मोटर बंद केली आणि अदबीने म्हणाला, "आवाज जरा भारदस्त आहे, नाही?"

फिटरचा तोल सुटला.

"भारदस्त? अरे गाढवा, मागच्या पायाखाली शिम कोण घालणार, तुझा आजा?"

  फिटरच्या डोळ्यांसमोर लेकीचा चेहरा उभा राहिला. आपल्याच तोंडाने आपण तिचं वाटोळं केलं, असं त्याला वाटलं.

वायरमन कानापर्यंत लाल झाला. "आणि तू रे? स्टँडचा स्क्रू न आवळता डायल वाचतोस? ते डोळे आहेत की शर्टाची बटणं?"

"दिसत होतं तर बोलला का नाहीस?"

"तू का नाही बोललास?"

 मग वायरमन हत्यारांच्या पेटीवर मटकन बसला.

"सोयरीक ठरल्यापासून तू मला आपण-आपण करतोयस. मी बायकोला म्हटलं, याच्या मनातून मुलगी द्यायची नाही, भिडेपोटी हो म्हणून बसलाय. उद्या घरी येऊन तुला शब्दातून मोकळं करणार होतो."

"अरे, तू मोडशील म्हणून तर मी तोंड शिवून बसलो!"

"मी मोडतोय? सुनेसाठी खोली रंगवून ठेवलीय मी."

 फिटरने बाहीने डोळे पुसले, बोल्ट ढिले केले आणि नव्याने काम सुरू झालं. आता इतका आरडाओरडा झाला की मालक कानांवर हात ठेवून बाहेर पळाला. शिम बसली, स्क्रू आवळला गेला, सुई जागची हलेना. मोटर सुरू केली तेव्हा ती निमूटपणे गुणगुणत फिरू लागली.

वायरमनने हात पुसून घरी फोन लावला.

"अगं, उद्या जायचं रद्द. त्याचं अगदी मनापासून आहे. आत्ताच मला गाढव म्हणाला... हो, हो, चार लोकांदेखत!"