रांगेतले रुमाल

संस्थेच्या मोठ्या संगणकावर कोणाचे गणित कधी चालेल, हे पूर्वी चहावर ठरत असे. संगणक-कक्ष सांभाळणारे सुशीलभाऊ सकाळी टपरीवर ज्याच्यासोबत चहा घेत, त्याचे काम आधी लागे. दामिनी चहा पीत नसे.

या तीन वाक्यांत तिच्या गेल्या वर्षाच्या संशोधनाचा सारांश आला. कुही तालुक्यात धानाची रोवणी झाली की विहिरींचे पाणी किती खाली जाते, याचा हिशेब करणारा तिचा प्रोग्रॅम लिहून तयार होता. तो चालवण्यापुरता संगणक तेवढा मिळत नव्हता.

शेवटी तिने विभागप्रमुख उन्मेषसरांकडे कामांच्या रांगेचा सर्व्हर बसवण्याची परवानगी मागितली. सरांना नवे प्रयोग आवडत, विशेषतः दुसऱ्याने केलेले. महिनाअखेरपर्यंत रांग सुरळीत चालली तर ठीक, नाहीतर पुन्हा सुशीलभाऊंची पद्धत, असे त्यांनी सांगितले. म्हणजे पुन्हा चहा, आणि कुहीच्या विहिरी पुन्हा फायलीत.

एका जुन्या डेस्कटॉपवर तिने सर्व्हर बसवला. वापर सोपा होता. ब्राउझरमध्ये पान उघडायचे, आपला प्रोग्रॅम जोडायचा, बटण दाबायचे. सर्व्हर नंबर देई आणि आलेली कामे त्याच क्रमाने एकेक करून मोठ्या संगणकाकडे सोपवी. चाचणी म्हणून तिने त्याला दोन आणि दोनची बेरीज सांगितली. उत्तर चार आले. तिने ते पुन्हा एकदा विचारले. एकाच निरीक्षणावर विश्वास ठेवणे तिच्या स्वभावात नव्हते.

सुशीलभाऊंनी मोठ्या मनाने स्वागत केले. “चांगलं झालं, मॅडम. आता लोक मले नाही, मशीनले शिव्या देतीन.”

पहिल्याच आठवड्यात रांग पानाच्या तळापर्यंत पोहोचली. दामिनी समाधानात होती. मग सुशीलभाऊंनी तिला कक्षात बोलावले आणि संगणकाच्या पंख्यांकडे बोट दाखवले. पंखे जेमतेम फिरत होते.

“एवढी लाईन लागली,” ते म्हणाले, “अन् मशीन आराम करून राहिलं.”

तिने चालू असलेले काम उघडून पाहिले. ते प्रमोदिनीताईंचे होते. कोराडीच्या वसाहतीतून रोज बसने येणाऱ्या या ज्येष्ठ संशोधिकेचा संस्थेत दरारा होता, आणि त्यांच्या डब्यालाही मान होता. त्यांचा प्रोग्रॅम काहीही करत नव्हता. आपल्या फोल्डरमध्ये खरा प्रोग्रॅम येऊन पडेपर्यंत थांबायचे आणि तो आला की चालवायचा, एवढीच त्याला आज्ञा होती. मागचे काम दुसऱ्याचे, पण मजकूर अक्षरशः तोच. त्यामागचेही तेच. ताईंनी जेवणाच्या सुट्टीत तो प्रोग्रॅम लोणच्यासारखा सगळ्यांना वाढला होता.

ताईंना त्यात लपवण्यासारखे काही वाटले नाही. “अवं, रुमाल टाकला ना मी. काम तयार व्हायचं आहे, पण जागा धरून ठेवा लागते.”

दामिनीने नियम केला: जे काम दहा मिनिटे संगणकाला स्वस्थ बसवेल, ते रांगेतून बाद. दुसऱ्या दिवशी पंखे घोंगावू लागले, कक्ष तापला. तिला आनंद झाला, पण तिने तपासण्याची सवय सोडली नव्हती. रुमाल तेच होते. आता ते बसल्या बसल्या वर्तुळाच्या गणितातल्या ‘पाय’च्या किमतीतले पुढचे अंक काढत होते. पायची किंमत इतक्या तातडीने संस्थेत कोणालाही नको होती. तिचा स्वतःचा प्रोग्रॅम मात्र मागे प्रामाणिकपणे उभा होता.

महिना संपत आला. एके दिवशी सुशीलभाऊंनी तिच्या टेबलावर चहाचा एक कप आणून ठेवला, वर बशी झाकली आणि निघून गेले. तिने तो घेतला नाही. बशी उचलून एकदा पाहिले मात्र.

दुसऱ्या दिवशी विहिरींच्या नोंदी घ्यायला तिला कुहीला जायचे होते. प्रमोदिनीताईही सोबत निघाल्या. एसटी फलाटावर येताच ताईंनी खिडकीतून रुमाल आत टाकला आणि दोघी बसल्या. पुढच्या आसनावर एका गृहस्थाने खांद्यावरचा दुपट्टा टाकला होता व तो पाण्याची बाटली आणायला उतरला होता. आसनाशेजारी एक बाई उभी होती. तिने दुपट्ट्याला हात लावला नाही. कंडक्टरने डबल बेल दिली. बाईने दुपट्टा उचलला, घडी करून बाजूला ठेवला आणि बसली. गृहस्थ धावत येऊन चालत्या गाडीत चढला, आपला दुपट्टा घेतला आणि दांडी धरून उभा राहिला.

तो भांडला कसा नाही, असे दामिनीने विचारले.

“काहून भांडणार?” ताई म्हणाल्या. “डबल बेल झाली की रुमाल म्हणजे निस्ता कपडा.”

कुही येईपर्यंत दामिनीच्या डोक्यात तीच बेल वाजत होती. रुमालाला नियम नाही, असे तिने गृहीत धरले होते, आणि ते तपासले नव्हते. नियम पूर्ण होता. तिच्या सर्व्हरला बेल नव्हती, एवढेच.

परतल्यावर तिने पानावर ‘रुमाल टाका’ असे बटण बसवले. रुमाल टाकला की रांगेत जागा राही, संगणक मात्र अडत नसे. पाळी आली की रुमालवाल्याच्या फोनवर डबल बेल वाजे. थोड्या वेळात खरा प्रोग्रॅम आला नाही, तर पाळी मागच्याची आणि रुमाल रांगेच्या शेवटी. पायचे अंक काढणे त्याच दिवशी थांबले.

महिनाअखेरीस उन्मेषसर निर्णय द्यायला कक्षात आले. सकाळी त्यांनी स्वतः रुमाल टाकला होता आणि फोन मुका करून ते बैठकीला गेले होते. आता पडद्यावर दामिनीच्या विहिरी चालू होत्या आणि सरांचे नाव तळाशी होते.

“माझा रुमाल पुढे होता ना?”

सुशीलभाऊंनी हळूच सुचवले की आपल्या जुन्या पद्धतीत सरांचे काम वर घेता आले असते. काम थांबवण्याचे बटण दामिनीच्या हाताखालीच होते. ते दाबले असते तर सर खूश झाले असते, आणि रांग त्याच क्षणी संपली असती.

“सर,” ती म्हणाली, “बेल झाली होती.”

“डबल,” प्रमोदिनीताईंनी मान वर न करता पुस्ती जोडली.

सरांचे सगळे कॉलेज एसटीच्या पासावर झाले होते. त्यांनी पडद्याकडे पाहिले, मग ताईंकडे.

“मंग राहू द्या ही रांग,” ते म्हणाले. “मी उभ्यानं जातो.”

आणि शेजारी खुर्ची रिकामी असताना, पहिल्या विहिरीचे उत्तर पडद्यावर येईपर्यंत, ते खरोखरच उभे राहिले.