एका दाढेचा रोजा

दोन जेवणांच्या मध्ये लहान मुलांना अरबट-चरबट देऊ नये, असं सांगणारी माणसं मनानं चांगली असतात. फक्त त्यांच्या घरी त्या वेळेला लहान मूल नसतं. अकोटच्या नईमाला असे सांगणारे पुष्कळ भेटले. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं, नणदेनं सांगितलं, शेजारच्या पार्वताबाईंनी तर रोज सांगितलं आणि सांगता सांगता स्वतःच पोरीच्या मुठीत फुटाणे कोंबले.

पोरगी म्हणजे माहेनूर, वय वर्षं चार. सकाळी डोळे उघडले की तिचं तोंड सुरू व्हायचं. टोस्ट दे. टोस्ट संपला की मुरमुरे दे. मुरमुऱ्यांवर फल्लीदाणे नाहीत म्हणून रडणं, मग गुळाचा खडा, आणि दुपारी भाकरीचं ताट समोर आलं की मान फिरवून मोकळी. भूक कसली, तोंडाला चाळा. नईमा रागावली, तिनं समजावलं, एकदा पाठीत धपाटाही घातला आणि मग स्वतःच पदरानं डोळे पुसत बसली. चार वर्षांच्या लेकरानं तिच्या नाकी नऊ आणले होते.

आधीची वर्षं असती तर एवढं काही वाटलं नसतं. नईमाचा नवरा अय्युब पिंजारी. आसपासच्या गावांतले शेतकरी आपल्या घरचा कापूस आणून टाकत, अय्युब तो पिंजून गाद्या-रजया भरून देई, नईमा वरून टाके घाली, आणि मोबदल्यात कुणी पैसे, कुणी ज्वारी, कुणी तुरीची डाळ देऊन जाई. पण त्या सालांत कापसानं सगळ्यांचं कंबरडं मोडलं. वेचलेला कापूस सरळ गाडीत भरून बाजारात जायचा, गादीसाठी घरात ठेवणार कोण? लग्नं लांबणीवर पडली. नवरीबरोबर गादी द्यायची रीत, पण नवरीच घरात बसलेली. दिवाळीच्या तोंडावर जुन्या गाद्या पिंजून घ्यायलाही लोक येईनात. येत ते अय्युबजवळ घटकाभर बसत, कुठल्या गावात काय झालं ते हळू आवाजात सांगत आणि पुढच्या वर्षी पाहू म्हणून उठत. घरातले डबे त्यांच्याबरोबरच रिकामे होत चालले होते. पण चार वर्षांच्या पोरीला हे सांगायचं कसं, आणि कुठल्या तोंडानं?

दोन हजार पाच साली रमजान आणि दिवाळी लागूनच आली. नईमाचे रोजे सुरू होते. स्वतःच्या तोंडात दिवसभर पाण्याचा थेंब नाही आणि पदराला लटकलेली पोरगी खायला मागतेय, हे ज्या बाईनं सोसलं तिलाच त्याची कळ ठाऊक. एका दुपारी माहेनूरनं टोस्टसाठी असा काही भोंगा पसरला की गल्लीतल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. टोस्ट घरात नव्हता. आणायला पाठवावं तर हातात पैसा नाही, अय्युब सकाळपासून एका गादीची वाट बघत रिकामा बसलेला. नईमाचा जीव मेटाकुटीला आला, आणि त्या घाईत तिला एका दाढेचा रोजा आठवला.

ही त्यांच्याकडची जुनी गंमत. मोठ्यांचं पाहून लहान मूल रोज्याचा हट्ट धरून बसलं की त्याला म्हणायचं, तू एका दाढेचा धर. डावीकडची दाढ रोजात, उजवीकडून खुशाल खा. मूल खूश, आई निर्धास्त. उपाशी राहू पाहणाऱ्या मुलाला खायला लावण्याची ती युक्ती. नईमानं ती उलटी लावली.

तिनं पोरीला जवळ घेतलं, डाव्या गालावर बोट ठेवलं आणि सांगितलं, "हे दाढ आता रोजात हाय. जेवन आलं का उजवीकडून खायाचं. पन रोजेवाले मागत नाईत. कोनी देलं तंच खायाचं."

शेवटचं तिनं आपल्या पदरचं जोडलं. असला नियम कुठेच नाही.

माहेनूरचं रडणं जागच्या जागी थांबलं. तिनं जिभेनं डावी दाढ चाचपून पाहिली आणि गंभीर चेहऱ्यानं अंगणात जाऊन बसली. त्या दिवशी तिनं काही मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी अख्खी भाकरी वरणात कुस्करून खाल्ली, तीही उजवीकडून. नईमाचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी रोजा सोडताना तिनं अय्युबला कौतुकानं सांगितलं. त्यानं पोरीला मांडीवर घेऊन पहिला खजूर तिलाच भरवला, आमची शाणी पोरगी म्हणाला. गल्लीभर बातमी झाली. ज्यांची पोरं दिवसभर दुकानापुढे लोळण घेत होती, त्या आया माहेनूरला बघायला आल्या. पार्वताबाईंनी तर आपल्या नातवंडांना ओळीत उभं करून ही पोट्टी दाखवली आणि पाहा, शिका म्हणाल्या.

एवढं कौतुक मोठ्या माणसाला पचत नाही, लेकराला कुठून पचणार? न मागितल्यानं शाबासकी मिळते हे माहेनूरला कळलं. मग दिलेलं परत केलं तर किती मिळेल, हेही तिचं तिनं शोधून काढलं. पार्वताबाईंनी फुटाणे पुढे केले, हिनं मान हलवली. पार्वताबाईंनी कानशिलावर बोटं मोडली. दुपारची भाकरी चतकोर राहू लागली, मग अर्धी उरू लागली.

नईमाला दिसत नव्हतं असं नाही. उरलेली भाकरी झाकून ठेवताना पहिल्या दिवशी तिला बरं वाटलं, रात्रीच्या जेवणाला तेवढाच हातभार म्हणून. हे बरं वाटणं तिला पुढे फार जाळणार होतं. दोन-चार दिवसांनी पोरीची सलवार बांधताना नाडी पहिल्यापेक्षा पुष्कळच बाहेर आली, तेव्हा तिनं ती सोडून पुन्हा बांधून पाहिली.

तेव्हापासून उलटा खेळ सुरू झाला. आता नईमा पोरीच्या मागे मागे फिरू लागली. टोस्ट पाहिजे का? मुरमुरे देऊ? पोरीचं उत्तर एकच, नाही. नईमानं शेजारून उसना गूळ आणला, हातावर ठेवला, तर माहेनूरनं तो नेऊन अय्युबला दिला. रागावून पाहिलं, तर तोंड लहान करून बसली पण उघडलं नाही. तुझा रोजा सुटला, तू लहान आहेस, असं सांगितलं तर तिला तो अपमान वाटला.

पार्वताबाईंनी दिवाळीचा फराळ आणून दिला. त्यांच्याकडेही यंदा बेताचंच होतं, पण शेजाऱ्याच्या घरी ताट गेल्याशिवाय त्यांची दिवाळी होत नसे. माहेनूरनं करंजी हातात घेतली, वास घेतला आणि परत ताटात ठेवली. पार्वताबाईंचं हसणं मावळलं. हिला झालं काय, म्हणून त्यांनी विचारलं. नईमानं मग सगळं सांगितलं, आपल्या पदरच्या नियमासकट.

"आपुनच कवतिक केलं, बाई," म्हातारी म्हणाली. "आता काहून रागावतं तिच्यावर?"

नईमानं सगळा भरवसा ईदेवर ठेवला. रोजे संपले की हेही संपेल, असं ती मनाला बजावत राहिली. अय्युबला ऐन वेळी एका रजईचं काम मिळालं, त्यात दूध आणि शेवया आल्या. ईदेच्या सकाळी शिरखुर्म्याचा वास घरभर सुटला. नवा फ्रॉक नव्हता, जुनाच धुऊन घातला होता. तो खांद्यावरून सारखा घसरत होता. नमाजाहून आलेले पाहुणे वाटी वाटी खाऊन, गळाभेट घेऊन गेले. माहेनूर कोपऱ्यात बसून प्रत्येकाच्या वाटीकडे बघत होती. मध्येच आवंढा गिळत होती. ते नईमानं पाहिलं. म्हणजे भूक होती. पोरीला भूक लागत होती आणि ती गिळत होती.

घर रिकामं झाल्यावर नईमा वाटी घेऊन तिच्यासमोर बसली.

"रोजे सरले, बेटा. आज ईद हाय. आता माग."

"मी नाई मागत," माहेनूर म्हणाली. "मी शानी हाय."

"एक डाव माग, माये. टोस्ट माग, गूळ माग, काई बी माग. अम्मी आनून देते."

पोरीनं आईकडे निरखून पाहिलं. अम्मी आपली परीक्षा घेतेय, हे तिच्या चटकन लक्षात आलं आणि ती गालात हसली. नईमाचे डोळे वाहू लागले. तिनं पोरीला मांडीवर ओढलं आणि दूध-शेवयांनी भरलेला चमचा तिच्या ओठांशी नेला. माहेनूरनं ओठ घट्ट मिटून घेतले आणि शाबासकीची वाट पाहत ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली.