एक नाव कमी

आमचे संपादक दिगंबरराव यांचा क्रीडा पानाचा नियम साधा होता. स्कोअर एखाद्या गुणाने चुकला तर चालेल, नावं कमी पडता कामा नयेत. छापून आलेल्या एका नावामागे पाच अंक खपतात, असा त्यांचा हिशोब होता. एक स्वतःला, एक सासरी दाखवायला, एक शेजाऱ्यांना जळवायला आणि दोन जपून ठेवायला, कारण जपून ठेवलेला पहिला अंक हमखास रद्दीत जातो. कबड्डीची फायनल असेल तर बातमीत पन्नास नावं हवीतच. खेळाडू, पंच, नारळ फोडणारा, नारळ आणणारा, मैदानावर चुन्याच्या रेघा मारणारा. नारळाला नाव नसतं म्हणून तो तेवढा सुटायचा.

आमचं 'सायंवृत्त' बुधवार पेठेत, टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावरून निघायचं. पुण्यात तेव्हा रोज एक नवा कॉम्प्युटर क्लास उघडत होता आणि शहर चहूबाजूंनी सुटलं होतं, पण आमच्या अंकाचं गाव शनिवारवाड्याशी सुरू व्हायचं आणि स्वारगेटला संपायचं. हडपसर म्हणजे आम्हाला परदेश. पण तिथे कबड्डी होती आणि कबड्डीत नावं होती, म्हणून आम्ही तिथवर जायचो. मी मंदाकिनी. मुद्रितं तपासायची आणि छोट्या जाहिराती घ्यायची, ही माझी कामं. माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय तिथे एक ओळ छापली जात नसे, आणि त्याबद्दल आजवर मला कुणी चहासुद्धा पाजलेला नाही.

दिगंबररावांचा दुसरा नियम जरा कडक होता. नाव कुणाचंही चालेल, पण माणूस तिथे असला पाहिजे. आधीचा क्रीडा प्रतिनिधी उन्हात जायचा कंटाळा करायचा आणि नावं टेलिफोन डिरेक्टरीतून उचलायचा. एकदा त्याने खो-खोच्या प्रेक्षकांत एका गृहस्थांना बसवलं. ते वारून चार वर्षं झाली होती. त्यांच्या पत्नीने अंक विकत घेतला नाहीच, वर छत्री घेऊन जिना चढून आल्या. प्रतिनिधी त्याच दिवशी गेला आणि त्याच्या खुर्चीवर ऋचा लिमये आली.

ऋचा कॉलेजात खो-खो खेळलेली, तोंडाने फटकळ आणि पायाने त्याहून चपळ. दिगंबरराव तिला म्हणाले, "महिनाभर बघू. जमलं तर नोकरी पक्की आणि बातमीवर तुमचं नाव. तोपर्यंत 'आमच्या क्रीडा प्रतिनिधीकडून'." तिला तेच सोयीचं होतं. कारण घरच्यांच्या मते ती कॉम्प्युटर क्लासात जावा शिकत होती. दोन हजार साल उजाडलं की अमेरिकेतले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार आणि ते चालू करायला सदाशिव पेठेतल्या मुली लागणार, अशी लिमये कुटुंबाची ठाम समजूत होती. वडिलांनी तिला क्लासला घातलं होतं. सकाळी प्रॅक्टिकल आणि दुपारी थिअरी असं घरी सांगून ही बाई सकाळी आमच्याकडे आणि दुपारी मैदानावर.

"नोकरी पक्की झाली की सांगणार आहे, मंदाताई," ती मला म्हणाली. "त्याआधी कळलं तर बाबा हाताला धरून क्लासमध्ये नेऊन बसवतील. आणि मी बसेन. तेच तर वाईट आहे."

बाबा आमचा अंक रोज घ्यायचे, निविदांसकट वाचायचे. म्हणजे पोरीचं लिखाण महिनाभर त्यांच्याच चहाच्या कपाशेजारी पडलेलं असायचं. "हा नवीन पोरगा बरा लिहितो," असं ते एकदा जेवताना म्हणाले होते. तिने ते मला तीन वेळा सांगितलं.

महिना संपत आला आणि हडपसरची फायनल आली. सामना दुपारी, बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी, अकराला पान छपाईला सोडायचं. ऋचाने छान लिहिलं होतं. यजमान संघाचा दिग्विजय शेवटच्या चढाईत उजव्या कोपरारक्षकाच्या हातून निसटला आणि सामना एका गुणाने फिरला, हे वाचताना माझ्यासारखीलाही धाप लागली. मला कबड्डीत काही कळत नाही, हे इथेच सांगते. दिगंबररावांनी मजकूर न वाचता पेनाच्या टोकाने नावं मोजली.

"एकोणपन्नास," ते म्हणाले. "एक कमी आहे. हीच तुमची शेवटची परीक्षा समजा." आणि आपल्या खोलीत गेले.

ऋचाने आयोजक कोंडीराम यांना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, हाय नाय तेवढी समदी नावं दिली की तुमास्नी. आता बैलाचं सांगू का?" तिने फोन ठेवला आणि बराच वेळ पेनाचं टोपण चावत बसली.

"मंदाताई, एक नाव आहे माझ्याकडे."

"मग लिही की."

"बाबांचं."

मग सगळं बाहेर आलं. श्रीनिवास लिमये एका सहकारी बँकेत क्लार्क. बँकेत कॉम्प्युटर आले होते, आणि आठवडाभराचं ट्रेनिंग पुरं करील त्याला ऑफिसर करणार होते. लिमये रोज डबा घेऊन ट्रेनिंगला जात होते. आणि काल दुपारी ते हडपसरच्या मैदानावर पहिल्या रांगेत उभे राहून पंचांना अक्कल शिकवत होते.

"तुला बघितलं नाही?"

"बघितलं की. पण मी स्कूटीवरून गेले होते, तोंडाला स्कार्फ तसाच होता. मला म्हणाले, अहो ताई, जरा बाजूला व्हा, समोरचं दिसत नाही. मी झाले बाजूला."

मी हसता हसता चष्मा काढून पुसला. ती हसली नाही. तिच्या डोळ्यांत वेगळीच चमक आली होती. "छापून आलं तर बरंच आहे," ती म्हणाली. "उद्या माझं कळलं तरी मला बोलायला त्यांना तोंड राहणार नाही." आणि तिने लिहून टाकलं: 'सदाशिव पेठेतील कबड्डीप्रेमी श्री. श्रीनिवास लिमये सामना संपेपर्यंत आवर्जून उपस्थित होते.' मी वाक्य तपासलं. चूक नव्हती, जाऊ दिलं. बँकेतली माणसंही पेपर वाचतात, हे आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिना वाजायला लागला. आधी त्या पन्नास नावांतले बापूराव आले. त्यांनी घरी मंडईत जातो म्हणून सांगितलं होतं आणि संध्याकाळी भाजीही नेली होती, पण त्यांच्या बायकोने अंक वाचला होता. मग तेजस नावाचा एक सॉफ्टवेअरवाला आला. "सर, मी सिक लीव्हवर होतो. आता मॅनेजर म्हणतोय, फीव्हरमध्ये कबड्डी कशी बघितली? प्लीज, काहीतरी करेक्शन टाका ना."

"तुम्ही तिथे होता की नव्हता?" दिगंबररावांनी विचारलं.

"होतो, पण..."

"मग करेक्शन कशाचं? अंक खाली स्टॉलवर मिळेल."

तिसरे लिमये. हातात घडी घातलेला अंक, त्यावर लाल शाईची खूण. ऋचा माझ्या टेबलाशी पाठमोरी होती, तिचा स्कार्फ खुर्चीच्या पाठीवर लोंबत होता. लिमयांनी तिच्याकडे बघितलंच नाही, ते थेट दिगंबररावांसमोर उभे राहिले.

"आपण संपादक का? हे काल आमच्या मॅनेजरसाहेबांनी माझ्या टेबलावर ठेवलं. मी त्या वेळी ट्रेनिंगला होतो. आजच्या अंकात तसा खुलासा आला नाही, तर माझं प्रमोशन गेलं म्हणून समजा. तुमचा प्रतिनिधी खोटं लिहितो."

दिगंबरराव खुर्चीतून उठले. ते सहसा कुणासाठी उठत नसत. "खुलासा पहिल्या पानावर छापतो," ते म्हणाले. "आणि तसं असेल तर आमची प्रतिनिधी आज घरी जाईल. खोट्या नावाला इथे माफी नाही. आधीचाही असाच घालवला. ऋचाबाई, इकडे या."

ऋचा वळली. लिमयांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग खुर्चीवरच्या स्कार्फकडे, मग पुन्हा तिच्याकडे. मैदानावरची ती ताई कोण होती, ते त्यांना कळलं असावं.

"तू क्लासला होतीस ना?" ते हळू म्हणाले.

"तुम्ही ट्रेनिंगला होता ना, बाबा?"

दिगंबररावांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर रेषही हलली नाही. "नातं तुमचं तुम्ही बघा," ते म्हणाले. "मला एवढंच सांगा, लिमये. तुम्ही मैदानावर होता की नव्हता?"

खालच्या दुकानात कुणीतरी टेप तपासत होतं, तेच अर्धं कडवं पुन्हा पुन्हा वाजत होतं. काल तोऱ्यात बोललेली ऋचा आता मान खाली घालून उभी होती. मला तिची फार दया आली, आणि ते वाक्य जाऊ दिल्याबद्दल माझाच राग आला. लिमयांनी घडी उलगडली आणि बातमी पहिल्यापासून पुन्हा वाचली. अगदी सावकाश, निविदा वाचतात तशी.

"खुलासा हवाच आहे," ते म्हणाले. "ही बातमी चुकीची आहे."

ऋचाने डोळे मिटले.

"दिग्विजय उजव्या कोपरारक्षकाच्या हातून निसटला असं लिहिलंय. तो डावा होता. कोपरा बचाव करणाऱ्यांच्या बाजूने धरतात, पत्रकारांच्या टेबलावरून नाही. मी समोरच उभा होतो, त्या टेबलावरच्या ताई बाजूला झाल्यावर मला स्वच्छ दिसलं." त्यांनी अंक टेबलावर ठेवला. "बाकी बातमी बरोबर आहे. नावांसकट."

"आणि प्रमोशन?" मी विचारलं. मला राहवलं नाही.

"अहो, आठवडाभर तो माऊस मला कुठेही नेतो आणि सोडून देतो. ऑफिसर झालो असतो तर रोज गेलो असतो हरवत." मग ऋचाकडे न बघता म्हणाले, "हा नवीन पोरगा बरा लिहितो, असं मी घरी म्हणालो होतो. ते मागे घेत नाही. पण कबड्डी त्याला कुणीतरी शिकवायला हवी. रविवारी सकाळी मी मोकळा असतो."

ऋचा रडली. फटकळ माणसं रडतात तेव्हा फार आवाज करतात.

त्या दुपारच्या अंकात चौकट आली: 'दिग्विजय यांनी डाव्या कोपरारक्षकाची पकड चुकवली, असे प्रत्यक्षदर्शी श्री. श्रीनिवास लिमये कळवतात. चुकीबद्दल दिलगीर आहे. – ऋचा लिमये.' पहिल्यांदा नाव छापून आलं ते माफीखाली, पण आलं. दिगंबररावांनी स्वतः लिहायला लावलं होतं.

संध्याकाळी मी घरी निघताना आप्पा बळवंत चौकातल्या आमच्या स्टॉलवर थांबले. सगळे अंक संपले होते.

"एका गृहस्थांनी एकदम अकरा नेले," स्टॉलवाला म्हणाला. "डबा हातात होता त्यांच्या. कागदात बांधून घेतले."

मी दुसऱ्या दिवशी दिगंबररावांना ते सांगितलं. दोन नावं, म्हणजे दहा अंक. हिशोब त्यांच्या बाजूने एक जास्तच निघत होता, तरी त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"अकरावा कुणाला?"

ते ऋचाला माहीत होतं. सकाळी बँक उघडायच्या आत लिमयांनी तो मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवला होता, चौकटीवर लाल शाईने खूण करून.