महाराजांचा अंगठा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर श्वासमहाराज. हातात पितळी नळी, तिच्या टोकाला काचेची उभी नळी, तळाशी गोटीएवढा लाल चेंडू.

"फुंका, आजोबा."

आजोबांनी गाल फुगवले. चेंडू ढिम्म.

"बघा, दम आतच कोंडलाय." महाराजांनी त्यांच्या जिभेवर चिमूटभर पूड ठेवली. "आता फुंका."

चेंडू टुणकन वर. टाळ्यांनी छत हादरलं.

त्याच्या दोन महिने आधी त्याच जागी माझी धाकटी बहीण उभी होती. लांब पल्ल्याची धावपटू. पाच-सहा किलोमीटर वाऱ्याशी गप्पा मारत जायची, मग छातीत शिट्टी वाजू लागायची. प्रशिक्षक म्हणायचे, "नाटकं पुरे. दम वाढव."

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी तिला यंत्रात फुंकायला लावलं. बसून फुंकलं, आकडा चांगला. पळवून फुंकायला लावलं, आकडा घसरला. औषध ओढल्यावर पुन्हा चढला.

"दमा आहे," बाई म्हणाल्या. "बसल्या जागी दिसत नाही, म्हणून इतकी वर्षं निसटला. हा पंप रोज, हा धावण्याआधी. आणि खुशाल धाव."

आपल्या धावपटूच्या हाती पंप, याची प्रशिक्षकांना लाज वाटली. त्यांनीच तिला महाराजांकडे नेलं. चेंडू उडाला आणि 'आता औषध नको' म्हणत तिचे दोन्ही पंप महाराजांनी आपल्या टोपलीत टाकायला लावले. निवडीच्या शर्यतीत चौदाव्या किलोमीटरला ती कोसळली. ओठ निळे. तीन दिवस प्राणवायूवर. महाराजांचा निरोप आला, 'श्रद्धा उणी पडली.'

तो निरोप मी गिळला नाही, दाढेखाली धरून ठेवला.

रुग्णालयात ती हळूच म्हणाली, "दादा, पहिल्यांदा फुंकताना हनुवटीला वारा लागत होता. दुसऱ्यांदा नाही लागला."

मी बासऱ्या बनवतो. मला पुढचं सांगावं लागलं नाही.

म्हणून त्या दिवशी रांगेत मी होतो. "महाराज, नळी मी धरतो, फुंका तुम्ही. निरोगी दम कसा असतो ते लोकांना दिसू दे."

लोकांनी टाळ्या पिटल्या. महाराजांना पळायला वाट उरली नाही. त्यांनी फुंकलं. नळीखालच्या भोकावरून मी अंगठा उचललेलाच ठेवला. चेंडू ढिम्म. पुन्हा फुंकलं. मान फुगली, डोळे बाहेर आले. मला घाई नव्हती.

बहीण मंचावर आली. "श्रद्धा उणी पडतेय का, महाराज? अजून फुंका."

त्यांनी फुंकलं. घाम नाकावरून नळीवर गळला. मग मी नळी उलटी करून खालचं भोक सगळ्यांना दाखवलं. ते अंगठ्याने बुजवून, तोंड पुसून, नळी रांगेतल्या एका बाईंपुढे धरली. पूड न घेता त्यांनी फुंकलं आणि चेंडू उडाला. पहिल्या रांगेतले प्रशिक्षक बूट न्याहाळत बसले.

"सर," बहीण म्हणाली, "नाटकं कोण करत होतं?"

तिने टोपली उपडी केली. पंपांचा ढीग पडला. एकेका पंपामागे एकेक कोंडलेली छाती. "कुणाचा कोणता कळणार नाही, हे आता वापरू नका," ती म्हणाली. "उद्याच्या उद्या डॉक्टरांकडून नवे घ्या."

महाराज आता पोलीस कोठडीत आहेत. माझं समाधान? नाही. तिची निवड गेली ती गेलीच. आज ती दोन्ही पंप घेते आणि एकवीस किलोमीटर धावते.

तुमच्या घरी कुणाला धावताना धाप लागत असेल, खोकला येत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका, मंचावरही नेऊ नका. जिथे दम मोजतात तिथे न्या. दिलेलं औषध रोज द्या. आणि कुणी चमत्कार दाखवू लागला, तर त्याची वस्तू एकदा आपल्या हातात मागा.