साडेसाताचे सात

लोणावळ्याच्या थंडीत खोबरेल बाटलीतच थिजायचं. माझ्या तान्ह्या कमरच्या मालिशीसाठी मी वाटी चुलीपाशी ठेवली होती. गुलजार आत आले आणि वाटीच उचलून निघाले.

"अहो, पोरीचं तेल आहे ते!"

"पोरीच्या बापालाच पाहिजे. तूपण चल, पाटी घेऊन."

मुंबईच्या एका शेठने दोन मोडक्या गाड्यांतून शर्यतीची एक मोटर बांधायला घेतली होती. तिचं इंजिन आमच्या घरामागच्या शेडमध्ये गुलजारांच्या हातून उभं राहत होतं. खोपोलीहून घाट चढायची शर्यत. शेठ चालवणार, शेजारी गुलजार. जोर वाढावा म्हणून इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, मुंबईहून घासून आणलं होतं.

पिस्टन पार वर गेला की त्याच्या डोक्यावर इवलीशी पोकळी उरते. खालची सगळी हवा त्या पोकळीत किती पट दाबली जाते, तो सगळा हिशोब. सातपट हवी होती. त्याहून जास्त दाबली तर इंजिन ठोके देतं, पिस्टन फुटतो.

दवाखान्यातली, औषधाच्या मापाच्या खुणांची बाटली घेऊन गुलजारांनी प्लगच्या भोकातून कोमट तेल सोडलं. किती मावलं ते सांगितलं. भागाकार माझा, कारण मी चौथी शिकलेली. कमर कडेवरून पाटीवर थापट्या मारत होती, आकडे पुसत होती. साडेसात आले. पुन्हा भागलं. साडेसातच.

"हेड उचलायला लागेल. मधे जाड तांब्याचा पत्रा पाहिजे," ते म्हणाले आणि घराकडे बघायला लागले. पुण्याहून पत्रा यायला वेळ नव्हता.

"माझ्या माहेरची देगची? मग बिर्याणी कशात करायची?"

"जिंकलो तर शेठच्या हंड्यात!"

देगचीचं बूड ठोकून सपाट केलं, भोकं कापली. आतली बाजू चांदीसारखी चमकत होती. माझे सासरे गफूर, आम्ही त्यांना अब्बा म्हणतो, गावोगाव फिरून भांड्यांना कल्हई करत. ही कल्हई त्यांचीच.

"खरवडायची का?" मी विचारलं.

"राहू दे. मऊ असते, फटीत बसेल. चारी बाजूंनी पाणी खेळतंय, तापणार किती? आणि अब्बांच्या हातची आहे ती."

पत्रा घालून हेड आवळलं, पुन्हा तेल सोडलं. सात. गुलजारांनी कमरची तेलकट मूठ धरून तिचा मुका घेतला.

शर्यत मी पाहिली नाही. शेठचा ड्रायव्हर दत्तोबा याने नंतर सांगितलं ते एवढंच. निम्मा घाट मोटर वाऱ्यासारखी चढली. मग जोर गेला, पाणी उकळायला लागलं. गुलजार उतरले, ओलं फडकं घालून रेडिएटरचं झाकण फिरवलं. हे त्यांनी नेहमीच केलेलं. पण त्या दिवशी इंजिनातला जाळ पाण्यात घुसत होता. झाकण हातातून उडालं.

डोळे परत येणार नाहीत, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं.

तेव्हापासून रोज एकच. "मेहरुन, पाटी घे. परत भाग." मी भागायची. सातच. मग ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. कमर त्यांच्या पट्टीला हात लावायला जायची, मी तिला ओढून घ्यायची. अब्बा मुलाच्या पायाशी बसून असत. त्यांचा कल्हईचा भाता खुंटीला होता, औंढे गावाहून कामाचे निरोप येऊन पडले होते. घरात कमावणारा आता तेवढाच एक हात होता.

एका दुपारी दत्तोबाने इंजिनातून काढलेला पत्रा आणून दिला. गुलजारांनी तो मांडीवर घेतला, अंगठा कडेकडेने फिरवला. एका जागी थांबले. तिथली कल्हई ओघळून गेली होती, आणि कडेला तिचा टणक थेंब बसला होता. तो थेंब ते कितीतरी वेळ चोळत राहिले.

"तुझा भागाकार बरोबर होता गं. कल्हई वितळली, फट पडली."

मला रडू आलं.

"अब्बांना सांगू नको," ते हळूच म्हणाले. "ते परत भात्याला हात लावायचे नाहीत."

मी पत्रा पदराखाली घेऊन बाहेर आले. अब्बा दारातच उभे होते. हात पुढे केला, द्यावाच लागला. त्यांनी तो उन्हात धरला, थेंबावर नख टेकवलं. कल्हई त्यांनी जन्मभर वितळवली होती.

"काय म्हनला त्यो?"

"माझा भागाकार चुकला होता, अब्बा."

"दोनदा केलतास ना?"

"दोन्ही वेळा चुकला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कमरकडे; ती त्यांच्या लुंगीला धरून उभी राहायला शिकत होती. तिची बोटं त्यांनी एकेक करून सोडवली.

"लिवनं-वाचनं बरं न्हाई बायामानसाला," ते म्हणाले. आवाज कापत होता.

खुंटीवरचा भाता त्यांनी खांद्याला लावला आणि औंढ्याच्या वाटेला लागले. आतून गुलजारांनी विचारलं, "गेले?"

"गेले," मी म्हणाले.