दवाखान्यातलं उष्टावण

आमच्या महाळुंगे पडवळात उष्टावण देवापुढं व्हतं. मामा भाच्याला मांडीवर घेतो नि चांदीच्या अंगठीनं खीर चाटवतो. माझ्या नातवाचं, स्वराजचं उष्टावण नारायणगावच्या दवाखान्यात झालं. हसायचं त्यानं खुशाल हसावं. मी साळुबाई, मला त्याचा अभिमानच हाये.

माझ्या सुनेला, प्रतिभाला, शेंगदाणा सोसत न्हाई. डोंगरातली पोर, माहेरी सगळं कारळ्याच्या कुटावर. लग्नानंतरच्या पहिल्याच एकादशीला दाण्याची आमटी दोन घास पोटात गेली, नि तोंड सुजलं, श्वास घेता येईना. जीपमधी घालून नेली म्हणून वाचली. तवापासून आमच्या घरात दाण्याचं कूट बंद. कुणी नाक मुरडलं तर मी त्याला दार दाखवते.

स्वराज झाला नि माझी जाऊ अंबाबाई म्हणाली, पोराचं अंगावरचं दूध तोडा, न्हाईतर आईचा दोष दुधातून उतरंल. निम्मी आळी तिच्या बाजूनं. आमच्या शिवारात भुईमूग, दर लग्नात दाण्याची आमटी. पोरगंही तसंच निघालं तर त्यानं जगायचं कसं, ह्या भ्यानं माझा नवराही तिकडंच झुकला. प्रतिभा न्हाई बधली. पोराला घेऊन तिनं थेट डॉक्टर गाठला.

डॉक्टरनं नीट समजावलं. अंगात रोगाला अडवणारे राखणदार असतात, हिचे राखणदार शेंगदाण्यालाच चोर समजतात. आईकडची काही राखण बाळाला पोटात नि दुधातून मिळते, पण म्हणून हिचा हा दंगा पोरात उतरंलच असं न्हाई. पाजत राहा म्हणाला, फक्त दाणा पहिल्यांदा माझ्यासमोर द्या.

म्हणून पोर सहा महिन्यांचं झाल्यावर प्रतिभाचा भाऊ रामदास नवी टोपी घालून दवाखान्यात आला. डॉक्टर इंजेक्शन तयार ठेवून बसलेला. पेजेत कालवलेलं दाण्याचं मऊ वाटण रामदासनं अंगठीवर घेतलं नि भाच्याच्या ओठाला लावलं. प्रतिभा दाण्यापासून लांब, खिडकीबाहेर उभी. पोरानं चाटलं. आमी सगळी त्याच्या ओठांकडं बघत बसलो, किती येळ कुणास ठाऊक. आणि ह्या पठ्ठ्यानं मामाची टोपी ओढून परत तोंड उघडलं की.

बराच येळ तपासून डॉक्टर म्हणाला, पोराला काय बी झालेलं न्हाई. संगं आलेली अंबाबाई म्हणाली, देवाची कृपा.

"देवाची हायेच," मी म्हणलं, "पण दूध माझ्या सुनेचं व्हतं."

दुधानंच झालं अशी शपथ कुणाला घेता येत न्हाई, असं डॉक्टर म्हणाला. मी घेते म्हणलं.

प्रतिभा हात पसरून धावत आली नि दारातच थबकली. पोराच्या तोंडाला दाणा लागलेला. तिनं हात मागं बांधले, रडत उभी राहिली. मी पोराला साबणानं धुतलं, झबलं बदललं, तवा कुठं तिच्या हातात दिलं.

आता स्वराज शाळेत जातो. भुईमूग उपटायला लागलो की शेतात पोटभर शेंगा खातो. घरी आला की आई कितीबी हाका मारू दे, आधी हौदावर हात-तोंड खसाखसा धुतो, सदरा बदलतो नि मगच तिच्या गळ्यात पडतो.